पार्सलची पावती

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, पुढं जुना कीबोर्ड,
'ळ'चं बटण निघून पडलंय,
उरलेल्या रबराच्या ठिपक्यावर पेनाचं टोपण दाबतो.
राजय्या म्याकल माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक.
पहिला अर्ज माझ्या वडिलांनी टंकला होता,
कार्बन घालून, तीन प्रती.
हा अकरावा.

मे महिना. चव्वेचाळीस.
डांबर चपला सोडत नाही,
आणि म्याकल उजव्या हातात लोकरीचा मोजा घालून येतो.
"हसू नको मालक, बोटं अजून तिकडंच हायत."

तिकडं म्हणजे चौदा हजार फुटांवर,
जिथं डाळ दिवसभर उकळून कच्चीच राहायची
आणि बंदुकीला उघडा हात लागला
की कातडं तिथंच ठेवून हात परत घ्यायचा.
साखर पेठेतल्या मागाच्या खड्ड्यात
बापाशेजारी बसून घामानं सूत भिजायचं,
म्हणून हा भरतीच्या रांगेत गेला.
"थंडीत जायचं होतं ना मला," म्हणतो.
"गेलो की."

नऊ वर्षं नोकरी झाली.
पेन्शनला पंधरा लागतात.
उरलं अपंगत्वाचं.
त्याला कागद लागतो, की बोटं सरकारी कामात गेली,
घरच्या कामात नव्हे.
डिस्चार्ज बुकात नाव: राजिया मॅकल.
दुखापतीच्या रकान्यात एक आडवी रेघ,
सरळ, पट्टी लावून मारलेली.

यंदा नागव्वानं विड्यांच्या सुपाखालच्या पत्र्याच्या पेटीतनं
एक पावती काढून दिली.
सोलापूर मुख्य डाकघर. जानेवारी. नग एक.
मजकूर: चादर.
पत्त्यात हुद्दा, नंबर, तुकडी, छप्पन एपीओ.
सासऱ्यानं स्वतः विणलेली, लाल, काठाला काळे मोर,
माग चार दिवस दुसऱ्या कामाला लावला नव्हता.

"मग चादर कुठाय?" मी विचारलं.
"एका गढवाली पोराला गुंडाळली. रात्रभर थरथरत होतं.
सकाळी त्याला खाली नेलं, चादरीसकट."
"नाव?"
"नाव आठवलं असतं तर
साक्षीदार नसतो का केला?"

दुपारी वरच्या मजल्यावर दोघं गेलो.
साहेब वाईट नव्हते. पंखा आमच्याकडं वळवला,
पावती उजेडात धरली, पाठपोट पाहिली,
शिक्का बोटानं चाचपला.
म्हणाले, "यावरून चादर गेल्याचं दिसतं.
तुम्ही तिथं होता, असं दिसत नाही."
म्याकल बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"चादर एकटी कशाला जाईल, साहेब?"

साहेब म्हणाले, अर्ज नव्यानं करा.
पावती सोबत जोडा. पाठवून बघू.

खाली आलो. उसाच्या रसाचा एक ग्लास दोघांत घेतला,
बर्फ नको म्हणाला, नेहमीसारखा.
मी टंकायला बसलो:
सीमेवरील कर्तव्यावर असताना हिमदंशामु
आणि टोपण सापडेना.
"सरक," म्हणाला, आणि मोजा काढला.
मी वीस वर्षांत तो हात उघडा पाहिला नव्हता.
तीन बोटं पहिल्या पेरापर्यंतच,
उरलेलं बोट तळहातासारखं गुळगुळीत,
बँकेचं यंत्र ज्याला माणूस मानत नाही ते.

त्यानं ते ठिपक्यावर ठेवलं.
दाबलं गेलंय की नाही, त्याला कळत नव्हतं,
म्हणून तो दाबतच राहिला.
पडद्यावर ओळभर
ळळळळळळळळळळळळळळळळ
दुसरी ओळ सुरू झाली.

"झालं का?" त्यानं विचारलं.
झालं, म्हणालो.
एक ठेवला, बाकीचे पुसले,
आणि पुढं 'पेन्शन मि' टंकून
कीबोर्ड पुन्हा त्याच्याकडं सरकवला.